सत्तर टक्क्यांचे गुरुजी

बालाघाटचं शिक्षण दूरस्थ झालं ते १ नोव्हेंबर १९५६ला. आदल्या दिवसापर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. सकाळी गोंदियाची गाडी धरली की दिवस मावळायच्या आत माणूस सीताबर्डीवर. दुसऱ्या दिवशी राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ मुंबईच्या पदरात पडला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि राजधानी उठून भोपाळला गेली, चारशे किलोमीटरहून लांब. वैनगंगा तेवढी पहिल्यासारखीच भंडाऱ्याकडे वाहत राहिली. तिला परिपत्रक मिळालं नसावं.

तेव्हापासून बैहर, बिरसा, परसवाड्याच्या गुरुजींना जे काही मिळतं ते भोपाळहून निघतं. पगार, पुस्तक, बदली, परिपत्रक. पैकी परिपत्रक पहिलं पोचतं. जमिनीखालचं मात्र बिनबोभाट बाहेर जातं. भरवेलीचं मँगनीज गेलं, मलाजखंडचं तांबं गेलं, त्याला कधी रस्ता नडला नाही. जिल्ह्यात काही आणायचं म्हटलं की डोंगर, जंगल आणि नक्षलवाद ही तीन कारणं फायलीत तयारच असतात. कान्हाचं मुक्की गेट याच जिल्ह्यात आहे. तिथे वाघ बघायला जगभरातून माणसं वेळेवर येतात.

अशा मुलुखातल्या शिक्षकाला शिकवायचं कसं, हा प्रश्न दिल्ली-भोपाळच्या शहाण्यांना पन्नास वर्षं छळतोय. त्यांचं उत्तर दर दहा वर्षांनी बदलतं आणि तरी तेच असतं: एक यंत्र पाठवा.

पहिलं यंत्र आभाळातून आलं. १ ऑगस्ट १९७५ला ‘साइट’ नावाचा प्रयोग सुरू झाला. उपग्रह नासाचा, वर्षभराच्या बोलीवर आणलेला. कार्यक्रम आपले. गावं सहा राज्यांतली मिळून २४००. मध्य प्रदेशाच्या वाट्याची गावं तेव्हाच्या रायपूरकडची, म्हणजे बालाघाटच्या पूर्वेला. शाळेजवळ खुराड्याला मारतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, आत टीव्हीचा संच. थट्टा बाजूला ठेवून सांगायचं तर त्या वर्षात एक काम फार मोठं झालं. प्राथमिक शाळेतल्या जवळपास पन्नास हजार शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षण दोन खेपांत दिलं गेलं. टीव्हीच्या जोडीला रेडिओ होता, छापील साहित्य होतं, हातानं करून बघायचे प्रयोग होते. इतक्या शिक्षकांना उपग्रहावरून एकदम शिकवायचं धाडस तेव्हा कुणा श्रीमंत देशानंही केलेलं नव्हतं.

३१ जुलै १९७६ला बोली संपली. लग्नासाठी उसने आणलेले दागिने मांडव उतरला की ज्याचे त्याला जातात, तसा उपग्रह मालकाकडे गेला. गावात जाळी उरली. जाळीचा मूळ उपयोग गावाला ठाऊक होताच.

पुढचा अंक वीस वर्षांनी, १९९६ साली, आधी कर्नाटकात आणि मग मध्य प्रदेशात झाला. शिक्षकांना डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, जमवायचं. समोर टीव्ही, टीव्हीत स्टुडिओतले तज्ज्ञ आणि टेबलावर टेलिफोन. चित्र एकाच बाजूनं यायचं, आवाज मात्र दोन्हीकडून जायचा. गुरुजींनी फोन लावायचा, प्रश्न विचारायचा आणि तज्ज्ञानं सगळ्या राज्यासमोर उत्तर द्यायचं. ज्या माणसानं आयुष्यभर तपासणीला आलेल्या साहेबापुढे ‘होय जी’ एवढंच म्हटलं, त्याच्या हातात रिसीव्हर देऊन ‘बोला, तुमची अडचण काय?’ असं विचारणं ही मला त्या सगळ्या तंत्रज्ञानातली खरी क्रांती वाटते. त्या टेलिफोनवर लक्ष ठेवा. पुढच्या गोष्टीत यंत्रं वाढत जातात आणि हा टेलिफोन कुठे दिसत नाही.

दरम्यान शिक्षकांचाच एक नवा प्रकार निघाला. १ जानेवारी १९९७ला मध्य प्रदेश सरकारनं शिक्षण हमी योजना आणली. किलोमीटरभरात शाळा नाही आणि आदिवासी वस्तीत शिकण्याजोगी पंचवीस मुलं आहेत, एवढं गावानं लिहून द्यायचं. नव्वद दिवसांत सरकार गुरुजी देणार. योजना गाजली, परदेशात बक्षीसही मिळालं. गुरुजी गावातलाच, मानधन सुरुवातीला महिना पाचशे रुपये. हमी शाळेची होती. गुरुजीला शिकवायला शिकवण्याची हमी कुणी मागितली नव्हती आणि सरकारनं न मागता काही देण्याची रीत नाही. काही दिवसांची तालीम झाली आणि माणूस वर्गात उभा राहिला. बाकीचं पुढे दूरस्थ पद्धतीनं बघू, असं ठरलं.

दूरस्थची सोय होतीच. १९९१च्या कायद्यानं भोपाळला भोज मुक्त विद्यापीठ निघालं होतं. बालाघाटचे पोवार राजा भोजाला आपला पूर्वज मानतात, त्यामुळे इथे नाव तरी घरचं वाटलं. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९८९ला, नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं विद्यापीठ राम ताकवल्यांनी उभं केलं होतं. नोकरीतल्या शिक्षकांचं बी.एड. हे दोन्ही विद्यापीठांचं मोठं काम. कल्पना उत्तम. शाळा न सोडता, घर न सोडता, पगार न बुडवता शिकायचं. बाईमाणसांना तर त्यानं खरंच दार उघडून दिलं, हे नाकारणारा करंटा. पण वही जमा करायची पद्धत बघा. स्वाध्याय लिहायचा, केंद्रावर द्यायचा, यथावकाश गुण यायचे. शेरा क्वचित. गुणांवर बढती मिळते. शिकवणं सुधारायला शेरा लागतो. आणि मागच्या तुकडीचा स्वाध्याय झेरॉक्सच्या दुकानात दोन रुपये पानानं मिळत असेल, तर हुशार विद्यार्थी काय करणार हे शिक्षकाला वेगळं सांगायला नको.

मग पुन्हा आभाळ. २० सप्टेंबर २००४ला ‘एज्युसॅट’ उडाला. या खेपेला उपग्रह आपला, खास शिक्षणाचा. मध्य प्रदेशात सिधी जिल्ह्यातल्या शाळांवर छत्र्या बसल्या. २०१०मध्ये उपग्रह निवृत्त झाला. २०१३मध्ये कॅगनं हिशेब मांडला तेव्हा कुठे संच बंद, कुठे दाखवायला कार्यक्रमच नाहीत, अशी रडकथा निघाली. याच्यावर जास्त शाई घालवत नाही.

आता जरा थांबू या, कारण याच राज्यात, नर्मदेकाठी, एक वेगळं काम चाललं होतं. होशंगाबाद जिल्ह्यात (आता नर्मदापुरम म्हणायचं, नाव बदलायला मुदतवाढ लागत नाही) १९७२ साली सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. अनिल सद्गोपालांची किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर यांनी तो सुरू केला, १९८२नंतर ‘एकलव्य’ या संस्थेनं चालवला आणि तो हजारभर शाळांपर्यंत गेला. काडेपेट्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे जोडून आकार करणारे आपले अरविंद गुप्ता १९७८ साली इथलेच शिकाऊ.

यांच्याकडे उपग्रह नव्हता. होतं काय? उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे चालणारं प्रशिक्षण. तिथे मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे आणि दिल्ली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ गावच्या मास्तरांच्या शेजारी बसून बेडूक, भिंग आणि लोहचुंबक हाताळायचे. वर्षभर दर महिन्याला जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक. वर्गात काय अडलं ते तिथे मांडायचं. एखादा प्रयोग पुस्तकात लिहिल्यासारखा होत नसेल तर दोष मास्तराचा धरायचा नाही, आधी पुस्तक तपासायचं. शिक्षकांनी सांगितल्यावरून पुस्तकातले धडे बदलले जायचे. परीक्षेला मुलांनी पुस्तक उघडून बसायचं. शिक्षकांच्या लिखाणासाठी ‘होशंगाबाद विज्ञान’ नावाची पत्रिका होती.

आणि होता सवालीराम. असा कुणी माणूस नव्हता. पुस्तकातूनच मुलांना सांगितलेलं असायचं की प्रश्न पडला तर सवालीरामला पत्र लिही. पोरं लिहायची. पलीकडे ज्याला जमेल तो शास्त्रज्ञ, कार्यकर्ता, प्राध्यापक उत्तर शोधायचा आणि सवालीरामच्या नावानं पत्र परत यायचं. तंत्रज्ञान कोणतं? भारतीय डाक. वेग? आठवडे. गावात लाइट असो नसो, रेंज असो नसो, पोस्टमन चालत यायचा. प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती त्याच्या नावाचं उत्तर पडायचं.

जुलै २००२मध्ये सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. सगळ्या राज्यात एकच पुस्तक हवं, हे एक कारण. तीस वर्षं चाललेलं काम एका आदेशात आटोपलं. ‘एकलव्य’ आहे. त्यांच्या ‘संदर्भ’ द्वैमासिकाचं मराठी भावंडही पुण्याहून निघत आलं. पण सरकारी शाळेच्या मास्तराचा महिन्याचा तो हक्काचा दिवस गेला तो गेलाच.

पुढचा विनोद केंद्र सरकारच्या खर्चानं झाला. शिक्षण हक्क कायदा म्हणतो की शिक्षक प्रशिक्षित हवा. देशभर लाखो शिक्षक प्रशिक्षणाविना शिकवत होते, म्हणून २०१७मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शेवटची तारीख दिली: ३१ मार्च २०१९. दोन वर्षांची पदविका करायची, आणि मुदत उरली दीड वर्ष. मग काय करायचं? पदविका दीड वर्षाची करायची! मुक्त शाळेच्या राष्ट्रीय संस्थेनं, एनआयओएसनं, अठरा महिन्यांचा डी.एल.एड. काढला आणि बारा लाखांहून जास्त शिक्षकांनी नावं घातली. ‘स्वयम’ पोर्टलवर पाठ, ‘स्वयंप्रभा’च्या ३२ क्रमांकाच्या वाहिनीवर व्याख्यानं, अधूनमधून समोरासमोर वर्ग. बालाघाटच्या रानातला अप्रशिक्षित गुरुजी आणि पाटण्याच्या खासगी शाळेतली बाई एकाच वेळी एकाच पडद्यापुढे बसली. डिसेंबर २०१८मध्ये दोन पेपर वेळेआधीच मोबाईलवर फिरले आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. अख्ख्या कार्यक्रमात पाठवलेली वस्तू वेळेच्या आधी शेवटच्या टोकापर्यंत पोचली, असं तेवढ्याच बाबतीत घडलं.

पोरखेळ तिथे संपला नाही. २०१९च्या सप्टेंबरात एनसीटीईनं, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेनं, सांगितलं की अठरा महिन्यांची पदविका नव्या नेमणुकीला चालणार नाही. जानेवारी २०२०मध्ये पाटणा उच्च न्यायालय म्हणालं, चालेल. नोव्हेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दोन वर्षांच्या बरोबरीची नाही. डिसेंबर २०२४मध्ये त्याच न्यायालयानं खुलासा केला की १० ऑगस्ट २०१७ला जे नोकरीत होते आणि ज्यांनी मुदतीत पदविका पुरी केली, त्यांची चालेल. सरकारनं काढलेला, सरकारनं शिकवलेला आणि सरकारनंच तपासलेला अभ्यासक्रम खरा की खोटा, हे ठरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला निदान दोनदा बसावं लागलं. ‘या अठरा महिन्यांत तुम्ही वर्गात वेगळं काय करू लागलात?’ हा प्रश्न मात्र चारही वेळा कुणाच्या पटलावर आला नाही. तो कायद्याचा प्रश्न नव्हता म्हणा.

आणि आता खिशातलं यंत्र. ५ सप्टेंबर २०१७ला ‘दीक्षा’ हे शिक्षणाचं सरकारी ॲप आलं. ऑगस्ट २०१९मध्ये ‘निष्ठा’ आली, बेचाळीस लाख शिक्षकांना प्रशिक्षित करण्याचा संकल्प सोडून. आधी समोरासमोर, कोरोनानंतर मोबाईलवर. मध्य प्रदेशानं टाळेबंदीत मुलांसाठी व्हॉट्सॲपवर पाठ पाठवले आणि शिक्षकांसाठी ‘सीएम राईज’ नावानं ऑनलाईन प्रशिक्षण सुरू केलं. २०२०च्या राष्ट्रीय धोरणानं भर घातली की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान पन्नास तास शिकलंच पाहिजे. ठीक. आता हे पन्नास तास कसे भरतात ते बघू.

बैहरच्या पुढचं एक गाव. शाळेत दोन शिक्षक, पाच वर्ग. गुरुजी मूळचे वाराशिवनीकडचे, घरी पोवारी, बाजारात हिंदी, गोंदियाच्या पाहुण्यांशी मराठी. दुपारची खिचडी उरकली आहे. मोबाईल पाण्याच्या लोट्याला टेकवून उभा केलाय. पडद्यावर एक बाई ‘कला-समेकित अधिगम’ समजावताहेत, आवाज बंद. गुरुजी मध्यान्ह भोजनाचं रजिस्टर भरताहेत. मधूनच अंगठा पडद्यावर टेकवतात, नाहीतर मोबाईल झोपतो आणि मोबाईल झोपला की प्रशिक्षण थांबतं. हा अंगठा म्हणजेच सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास.

‘काय जी गुरुजी, झालं का प्रशिक्षण?’

‘अठ्ठ्याण्णव टक्के झालं जी.’

‘अन् उरलेलं?’

‘ते टेकडीवर आहे.’

खरंच टेकडीवर आहे. व्हिडिओ आधी उतरवून घेता येतो. पण तुम्ही तो पाहिला, ही बातमी वर पोचवायला रेंज लागते आणि रेंज गावामागच्या टेकडीवर पळसाच्या एका झाडापाशी मिळते. संध्याकाळी गुरुजी मोबाईल उंच धरून तिथे उभे राहतात. गावातल्या पोरांना ही आता रोजची आरती वाटते. गोल फिरतो, फिरतो आणि शंभर होतो. मग परीक्षा. सत्तर टक्के पडले की प्रमाणपत्र, संधी तीन. पण गुरुजींना पहिल्याच फेरीत शंभर पडतात, कारण मॉड्यूल उघडायच्या आधी उत्तरं आलेली असतात. यूट्यूबवर मॉड्यूलच्या क्रमांकासह ‘उत्तर कुंजी’ शोधून बघा. ज्या उत्साहानं त्या बनवल्या आहेत, तेवढ्या उत्साहानं मॉड्यूल बनवली असती तर कुंजीची गरज पडली नसती.

गुरुजी आळशी आहेत असं समजू नका. त्यांच्याकडे प्रश्न आहे. दुसरीतलं एक पोर घरचं गोंडी सोडून बोलत नाही. त्याला वजाबाकीतला हातचा कसा समजावायचा? मण्यांनी झालं, चिंचोक्यांनी झालं. दहा सुटे चिंचोके आणि दहाची एक पुडी हे दोन्ही सारखंच, हे त्याला पटत नाही. पुडी उचलून तो म्हणतो, ही एक. त्याचं चुकतंय कुठे? पुडी खरंच एक आहे! यावर एखाद्या जाणत्या माणसानं वीस मिनिटं दिली असती, तर त्या पोराचं नि गुरुजींचंही गणित पुढे सरकलं असतं. मॉड्यूलच्या शेवटी चौकट आहे: कोर्स कसा वाटला? पाच तारे. गुरुजींनी पाचही दिले. न दिले तर विचारणा होते, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय.

वर भोपाळात काय दिसतं? जिल्हा बालाघाट, इतके टक्के पूर्ण, पट्टी हिरवी. हिरव्या पट्टीच्या खाली तो चिंचोका दिसायची सोय नाही.

यंत्राला गुरुजींविषयी खरी उत्सुकता आहे ती एकाच बाबतीत. माणूस आला की नाही? ‘एम-शिक्षा मित्र’ ॲप येऊन गेलं. १ जुलै २०२५पासून मध्य प्रदेशात ‘हमारे शिक्षक’ ॲपवर हजेरी लागते. शाळेच्या आवारात उभं राहायचं, चेहरा दाखवायचा, जागा जुळली तर हजर. शिक्षक जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. तक्रारीत पहिला मुद्दा पुन्हा तोच, नेटवर्क. मी हजेरीच्या विरोधात नाही. दांड्या मारणारे गुरुजी मीही पाहिले आहेत आणि त्यांच्या शाळेतल्या पोरांचं नुकसान कुठल्याही ॲपहून जुनं आहे. पण गुरुजी कुठे उभा आहे हे मीटरपर्यंत कळतं आणि त्याला काय अडलंय हे पन्नास वर्षांत कळत नाही, तेव्हा यंत्र कुणासाठी घेतलं होतं याबद्दल शंका उरत नाही.

गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकांनी नदीपलीकडे बघून हसू नये. आपल्याकडे माहिती भरायला ‘सरल’ आहे, पगाराला ‘शालार्थ’ आहे, आणि २०२२च्या जूनमधलं वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीचं प्रशिक्षणही आठवत असेल. दोन हजार रुपये शुल्क शिक्षकांनीच भरलं, प्रशिक्षण ऑनलाईन, आणि सुरुवातीलाच तांत्रिक घोळ. वेतनश्रेणीसाठी प्रशिक्षण आहे हे निदान नावातच कबूल केलं होतं, एवढा महाराष्ट्राचा प्रामाणिकपणा. आपल्या केंद्रांवर महिन्याला शिक्षण परिषद होते. तिचे कितीसे तास वर्गातल्या अडचणींवर जातात आणि कितीसे माहिती भरण्याच्या सूचनांवर, हे जाणाऱ्यांनीच सांगावं.

हे सगळं गरीब देशाचे भोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण टांझानिया आपल्याहून गरीब होता. सत्तरच्या दशकात तिथे सगळ्या मुलांना शाळेत घ्यायचं ठरलं आणि शिक्षक नव्हते. त्यांनी शाळा सोडलेली तरुण मुलं निवडली, त्यांना वर्गात उभं केलं आणि नोकरी करता करता टपालानं पाठ, रेडिओवर धडे आणि भेटून शिकवणारा मार्गदर्शक, अशा तिहेरी पद्धतीनं हजारो शिक्षक तयार केले. रेडिओ तिथेही होता. फक्त रेडिओ ऐकून झाल्यावर ‘काय कळलं नाही?’ असं विचारणारा माणूसही होता. तंत्रज्ञानाच्या यादीत हा माणूस बसत नाही, म्हणून आपल्या अंदाजपत्रकातही बसत नाही. टॅबलेटला निविदा काढता येते.

मागणी मोठी नाही. बालाघाटच्या डाएटमध्ये एक टेबल, एक फोन, आणि गोंडी, पोवारी, हिंदी समजणारी, स्वतः पाचवीपर्यंतचे वर्ग शिकवलेली दोन माणसं. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दोन-दोन तास. कुणीही गुरुजींनी लावावा, अडचण सांगावी. लगेच सुचलं तर लगेच, नाहीतर चार दिवसांनी शोधून उलट फोन. ज्या अडचणी पुन्हा पुन्हा येतील त्यांचाच व्हिडिओ करावा. मग तो आवाज चालू ठेवून बघितला जाईल. टेकडीवरून फोन लागतो. त्याची खात्री गुरुजींनी रोज करून घेतलेली आहे.

आणि वाचकहो, येत्या ५ सप्टेंबरला व्यासपीठावरून कुणी म्हणालं की यंदा इतक्या लाख शिक्षकांना ऑनलाईन प्रशिक्षित केलं, तर टाळ्यांच्या आधी उभं राहून दोनच आकडे मागा. त्यातल्या किती जणांनी प्रश्न विचारले, आणि उत्तर किती दिवसांत गेलं. आकडे मिळाले तर इकडे पाठवा, याच जागी छापू.